ठाण्याचे सेंट जेम्स चर्च: बिशप हेबर ते मराठी मंडळी

१० जुलै १८२५ हा रविवार होता. ऐन पावसाळ्यातील त्या दिवशी कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी ठाण्यात नव्याने बांधून झालेल्या इंग्रजी चर्चचा समर्पणविधी केला. आज आपण ज्याला सेंट जेम्स चर्च म्हणतो ते हेच. २०२५ च्या जुलैमध्ये या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली. शहराच्या इतिहासावर जे लिहिले जाते त्यात या चर्चच्या वाट्याला बहुधा दोनच ओळी येतात: इंग्रजांनी बांधले आणि बिशप हेबर येऊन गेले. या दोन्ही ओळी खऱ्या आहेत, परंतु ज्या चर्चमध्ये दोन शतके माणसांची बारशी, लग्ने आणि अंत्यविधी होत आले, त्याचा इतिहास एका पाहुण्याच्या एका दिवसावर संपावा, हे मला पटत नाही. म्हणून तो जमेल तितका सविस्तर मांडावा, असे बरेच दिवस मनात होते.

इंग्रजांना ठाण्यात चर्च का लागले, येथून सुरुवात करावी लागते. ठाणे ज्यावर वसले आहे त्या साष्टी बेटावर पोर्तुगिजांचा अंमल होता तेव्हा त्यांनी खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी बेट त्यांच्याकडे कायमचे राहिले. पेशवाई बुडाल्यानंतर उत्तर कोकणचा कारभार ठाण्यातून चालू लागला. कलेक्टर, न्यायाधीश, सर्जन, किल्ल्यातील शिबंदीचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबे अशी एक लहानशी इंग्रज वस्ती गावात रुजली. कंपनीच्या दृष्टीने ठाणे हे एक ‘स्टेशन’ होते, आणि स्टेशन म्हटले की कचेरी, तुरुंग, दवाखाना व दफनभूमी यांच्याबरोबर चर्चही आलेच.

या वस्तीचे जगणे फार सुरक्षित नव्हते. स्टीफन बॅबिंग्टन हे कंपनीचे मुलकी अधिकारी १८२२ मध्ये साष्टीतील एका गावात लागलेली आग विझवायला गावकऱ्यांबरोबर धावले आणि त्यात झालेल्या दुखापतीने मरण पावले. त्यांचा पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये उभारला गेला. चर्चचे समर्पण झाले ते या घटनेनंतर तीनच वर्षांनी, म्हणजे त्या दिवशी बाकांवर बसलेल्यांपैकी अनेकांनी बॅबिंग्टन यांना पाहिलेले असणार.

आता बिशपांविषयी. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची परंपरा, जिला अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात, ती बिशपांच्या अधिकारावर उभी आहे. या परंपरेत चर्चची इमारत बांधून झाली आणि तेथे उपासना सुरू झाली, एवढ्याने काम पुरे होत नाही. बिशपांनी स्वतः येऊन ती वास्तू आणि तिची जमीन देवाच्या कार्यासाठी कायमची वेगळी काढावी लागते. स्थानिक लोक बिशपांना तशी लेखी विनंती करतात, बिशप आणि धर्मगुरू चोविसावे स्तोत्र म्हणत आत येतात, समर्पणाचा लेख मोठ्याने वाचला जातो आणि बिशप त्यावर सही करतात. त्यानंतर ती इमारत दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. सही करण्याचा हा अधिकार फक्त बिशपांचा, आणि भारतात अँग्लिकन बिशपच नसल्यामुळे मोठी अडचण होती. मुंबईचे सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडले, ते १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडले. त्याचे समर्पण मात्र १८१६ मध्ये झाले. मधली जवळजवळ शंभर वर्षे ते बिशपाविना चालले.

१८१३ च्या सनदी कायद्याने ही स्थिती बदलली. कलकत्त्याला एक बिशप आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा वरिष्ठ धर्मगुरू, नेमण्याची तरतूद त्यात झाली. पहिले बिशप मिडलटन १८१४ मध्ये आले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८२३ मध्ये हेबर आले. त्यांच्या धर्मप्रांताची व्याप्ती आज कल्पनेत बसत नाही: संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन आणि १८२४ पासून ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्ससुद्धा एका माणसाच्या देखरेखीखाली होते. हेबर जून १८२४ मध्ये कलकत्त्याहून नदीमार्गे निघाले आणि उत्तर हिंदुस्थान व गुजरात पार करून एप्रिल १८२५ मध्ये मुंबईला पोहोचले. त्याच दौऱ्यात त्यांनी पुण्याच्या सेंट मेरी चर्चचेही समर्पण केले. ऑगस्टमध्ये ते सिलोनला निघून गेले आणि पुढच्या वर्षी ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्ली येथे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. ठाण्याचे चर्च आणखी एक वर्ष लांबले असते, तर त्याच्या समर्पणासाठी नव्या बिशपांची वाट पाहावी लागली असती.

हेबर यांची रोजनिशी त्यांच्या पत्नी अमेलिया यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणूनच ठाण्याविषयीची त्यांची निरीक्षणे आपल्याला उपलब्ध आहेत. चर्च लहान, पण अत्यंत देखणे आणि सोयीचे आहे, असे ते म्हणतात. गावात मुख्यतः रोमन कॅथलिक ख्रिस्ती राहतात, गाव नीटनेटके व भरभराटीचे आहे, आणि तेथील डुकराचे खारवलेले मांस प्रसिद्ध आहे, हेही ते नोंदवतात. याच ख्रिस्ती लोकांच्या काळ्या रंगाविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते वाचून आज वाईट वाटते, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनही ते सांगितले पाहिजे असे मला वाटते. तो इंग्रज धर्मगुरू ज्यांच्याकडे वरवर पाहून पुढे गेला, त्या ठाणेकर कॅथलिकांची परंपरा त्याच्या चर्चपेक्षा कितीतरी जुनी होती. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले, आणि त्यांच्या अस्थी नंतर ओडोरिक या प्रवाशाने येथून नेल्या. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च हे त्याच कॅथलिक परंपरेतले. इंग्रजी चर्चचा इतिहास लिहिताना ठाण्यातील ख्रिस्ती धर्म त्याच्यापासूनच सुरू झाला, असा समज नकळत पसरवला जातो. तो टाळायला हवा.

हेबर यांनी ठाण्याविषयी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटेल. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होते. पहाऱ्यावर सगळे गोरे सैनिक. बाहेर एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाणे म्हणत असे आणि त्या गाण्यातूनच सुटकेचा सगळा बेत आत पोहोचला. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. १८१६ च्या सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी निसटले. हेबर यांनी ते गाणे इंग्रजीत उतरवून ठेवले आणि १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात पुन्हा कैदेत पडलेल्या त्रिंबकजींना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेही. तोच ठाण्याचा किल्ला पुढे तुरुंग झाला आणि आज मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे. जवळच्या गोऱ्या वस्तीच्या आसपास मराठी बोलले जात होते, गायिले जात होते, पण त्या वस्तीच्या कानांवर ते पडूनही पोहोचत नव्हते. १८२५ च्या चर्चची परिस्थिती यापेक्षा फारशी वेगळी नसणार.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. असे चर्च दिसले की ते धर्मांतरासाठी बांधले असावे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कंपनीच्या पगारावरील धर्मगुरूचे, म्हणजे चॅप्लेनचे, काम कंपनीच्या नोकरांची उपासना चालवणे, त्यांची लग्ने लावणे आणि त्यांना मूठमाती देणे एवढेच होते. कंपनीला मिशनऱ्यांविषयी दीर्घकाळ संशयच होता. मराठी माणसांमध्ये काम करणारे लोक वेगळे होते आणि त्यांची साधनेही वेगळी होती. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्यापैकी काहींनी हे चर्च उभे राहण्याआधीच ठाण्यात शाळा चालवल्या. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला होता. म्हणजे हेबर यांच्यासमोर ठाण्यात इंग्रजीत समर्पणाचा लेख वाचला जात होता, तेव्हा मराठीत छापलेले शास्त्र अस्तित्वात होते. त्या इमारतीत ते वाचले जायला मात्र बराच काळ जावा लागला.

१८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस कार पहिले बिशप झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली रेल्वेगाडी ठाण्याला आली आणि मुंबई जवळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या या उत्तरार्धाविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण चर्चच्या दृष्टीने तो सरकारी दिनक्रमाचा काळ होता: चॅप्लेन बदलून जात, कलेक्टर बदलून जात आणि त्यांच्याबरोबर बाकांवरची माणसेही बदलत.

खरा बदल विसाव्या शतकात झाला. तोपर्यंत येथील अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चचाच भाग होते आणि बिशपांची नेमणूक राजसत्तेकडून होई. १९२७ च्या कायद्यानुसार हे बंधन तोडण्यात आले आणि १ मार्च १९३० पासून भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील चर्च स्वतंत्र झाले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर सरकारी चॅप्लेन ही व्यवस्थाही संपली. गोरे अधिकारी निघून गेले. सरकारी पगारावर चालणारी उपासना आता लोकांच्या वर्गणीवर चालवायची होती, आणि ती चालवणारे लोक होते देशी ख्रिस्ती. माझ्या मते ठाण्याच्या चर्चचा दुसरा जन्म या काळात झाला. या जन्माची तारीख कोणत्याही फलकावर कोरली जात नाही, कारण तो एका दिवशी घडला नाही.

ही माणसे आली कोठून? नगर, नाशिक, सोलापूर, जालना, कोल्हापूर या भागांतून. प्रत्येक भागाची मिशन वेगळी, म्हणून उपासनेची रीतही वेगळी. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचे अँग्लिकन काम होते. नगरला मुख्यत्वे अमेरिकन मराठी मिशन, जिच्यात छापील प्रार्थनांना महत्त्व नव्हते. जालन्याला नारायण शेषाद्री यांच्या परंपरेतील प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या कारभाराखालील, मंडळी. नोकरीच्या निमित्ताने हे सगळे मुंबई-ठाण्याकडे सरकले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली आणि कारखान्यांबरोबर ख्रिस्ती कुटुंबांचीही भर पडली. गावाकडे वेगवेगळ्या मंडळ्यांत वाढलेली माणसे शहरात येऊन एकाच वेदीसमोर बसू लागली.

माझी आजी त्यांच्यापैकीच एक. नगर जिल्ह्यात ती वाढली, तिथे पाळक उभे राहून मनातून प्रार्थना करत आणि मंडळी डोळे मिटून ऐके. लग्नानंतर ठाण्यात आल्यावर तिला अँग्लिकन रीतीची उपासना नवी होती. हातात पुस्तक धरायचे, पाळकसाहेबांनी एक ओळ म्हटली की मंडळीने दुसरी म्हणायची, पापांगीकाराला, म्हणजे पापांची कबुली देताना, गुडघे टेकायचे, मतांगीकाराला, म्हणजे विश्वासाची कबुली म्हणताना, उभे राहायचे. तिचे मराठी प्रार्थनापुस्तक आमच्याकडे आहे. त्याची पुठ्ठ्याची पाठ सुटली आहे आणि ती पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली आहे. प्रभुभोजनाच्या विधीच्या पानांवर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘उभे’, ‘बसणे’, ‘गुडघे’ असे लिहिले आहे. काही पानांनंतर या खुणा विरळ होतात आणि मग थांबतात. ती रीत तिच्या अंगवळणी कशी पडली हे तिने आम्हांला कधी बसून सांगितले नाही. या समासांत ते दिसते. नगरकडची सवय तिने सोडली असेही नाही. घरी रात्री ती स्वतःच्या शब्दांत लांब प्रार्थना करी आणि चर्चमध्ये पुस्तकातली. दोन्ही तिला सारख्याच खऱ्या वाटत.

अशा लाखो माणसांच्या अनुभवाला संस्थेचे रूप मिळाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली: अँग्लिकन, संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्चने अगदी शेवटी माघार घेतली. ठाण्याचे अँग्लिकन चर्च तेव्हापासून सीएनआयच्या मुंबई धर्मप्रांतात आहे.

या एकीकरणाचा सर्वांत कठीण प्रश्न होता बाप्तिस्म्याचा, आणि ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात तो केवळ पुस्तकी नव्हता. अँग्लिकन परंपरेत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि मोठेपणी बिशप त्याचे दृढीकरण करतात, म्हणजे डोक्यावर हात ठेवून त्याचा विश्वास पक्का करतात. त्याच वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात डहाणूकडे अमेरिकेहून आलेल्या ब्रदरेन चर्चचे काम होते. त्यांच्याकडे जाणत्या वयात, स्वतः विश्वास कबूल करून, पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देतात. एका जिल्ह्यातील या दोन मंडळ्या एका छत्राखाली आल्या, तेव्हा कोणी कोणाची रीत चुकीची ठरवायची? सीएनआयने दोन्ही पद्धतींना मान्यता दिली. बाळाचा बाप्तिस्मा करावा की त्याला देवासमोर अर्पण करून त्याचा निर्णय त्याच्यावर सोपवावा, हे आईवडिलांनी ठरवावे. बिशपपद राहिले, पण मंडळीतून निवडलेल्या समित्यांनाही अधिकार मिळाला. बिशपांचे चर्च, वडीलजनांचे चर्च आणि स्वायत्त मंडळ्या या तिन्ही परंपरा एका घटनेत बसवणे हे काम चाळीसेक वर्षांच्या चर्चेनंतर झाले. आपल्याकडे या घटनेचे महत्त्व फारसे ओळखले जात नाही. जातीपाती, भाषा आणि मिशन यांनी विभागलेल्या मंडळ्या स्वतःहून एकत्र येतात ही गोष्ट मला १८२५ च्या समर्पणाइतकीच मोठी वाटते.

आणि तरीही हेबर मराठी मंडळीतून गेले नाहीत. ते स्तोत्रकार होते. त्रैक्याच्या रविवारी जगभर गायिले जाणारे त्यांचे स्तोत्र त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापले गेले आणि पुढे मराठीतही आले. ज्यांची भाषा त्यांना येत नव्हती त्यांच्याच तोंडी त्यांचे शब्द रुजले, आणि नारायण वामन टिळकांच्या अभंगांच्या शेजारी त्याच गीतपुस्तकात बसले. पेटीवर टिळकांचे पद झाले की पाठोपाठ हेबर यांचे स्तोत्र म्हणताना कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

या चर्चचा पुढचा इतिहास लिहायचा तर तो कशावरून लिहावा? फलक आणि थडगी इंग्रजांविषयी सांगतात. मराठी माणसांचा शोध वह्यांत घ्यावा लागेल. प्रत्येक अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वेगळ्या नोंदवह्या ठेवल्या जात. बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बाळाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी कोणी केला असे रकाने असतात. कंपनीच्या काळात या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्या संशोधकांना पाहता येतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानंतर लग्नांच्या नोंदी ठेवणे व दर तिमाहीला त्यांची नक्कल वर पाठवणे बंधनकारक झाले. कोणी चिकाटीने या वह्या वर्षानुवर्षे चाळल्या, तर वडिलांच्या व्यवसायाचा एकच रकाना पुष्कळ काही सांगेल: सैन्यातील हुद्दे आणि कलेक्टर कचेरीतील पदे कधी कमी झाली, रेल्वेतील फायरमन आणि गार्ड कधी आले, शिक्षक आणि कारखान्यातील फिटर कधी दिसू लागले. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात बंगल्यांऐवजी चाळींची नावे कोणत्या वर्षी येऊ लागली, हेही त्यातूनच कळेल.

वह्यांना मर्यादा आहेत. बाईचा व्यवसाय लिहायला त्यात जागाच नव्हती. त्यामुळे रविवारची शाळा चालवणाऱ्या, आजाऱ्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवणाऱ्या, नाताळची गाणी घरोघर नेणाऱ्या बायकांचे काम त्यात सापडणार नाही. त्यासाठी घराघरांतल्या पेट्या उघडाव्या लागतील. जुन्या उपासनेच्या पत्रिका, लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर काढलेली छायाचित्रे, बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा, पाळकसाहेबांनी दिलेले बाप्तिस्म्याचे दाखले, मंडळीच्या वर्गणीच्या पावत्या हे सगळे उपयोगी आहे. नगर-नाशिककडच्या अनेक कुटुंबांकडे गावच्या मंडळीने दिलेले सभासदबदलीचे पत्रही असते. गावच्या पाळकांनी शहरातल्या पाळकांना लिहिलेल्या त्या पत्रावरून कोणते कुटुंब कोणत्या मिशनमधून, कोणत्या वर्षी ठाण्यात आले हे नेमके ठरवता येते.

ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी मूळ कागद कोणालाही देऊन टाकू नये, त्याचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि मागे कोण, कोठे, केव्हा हे तीन शब्द लिहून ठेवावेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या चर्चमध्ये ज्यांची लग्ने झाली त्यांच्यापैकी काही जण अजून आपल्यात आहेत. त्यांना उपासनेची वेळ काय होती, मराठी उपासना कोण चालवी, पेटी कोण वाजवी, बाकांची रांग कोणी कोणासाठी राखून ठेवी, हे विचारून याच पावसाळ्यात लिहून घ्यायला सुरुवात करावी.